ताणावर सोडलेली बाग

दोन वर्षांपूर्वी, डिसेंबरात, कुंभार पिंपळगावच्या शिवारात मी एका मोसंबीच्या बागेला चोरून पाणी दिलं. पाणी चोरून घेणारे पुष्कळ असतात. मी दिलं. आणि त्याचा आळ दुसऱ्या माणसावर आला तेव्हा गप्प बसलो. हे मी कुणाला, अगदी बायकोलाही, सांगितलेलं नव्हतं. या जानेवारीत तिकडं पुन्हा जाऊन आलो आणि आता लिहायला बसलो आहे. ज्यांनी जालना जिल्हा गाडीच्या खिडकीतूनच पाहिलाय त्यांना वाट दाखवीन, तिथलं खाणंपिणं सांगीन, पण मूळ सांगायचं आहे ते बागेचंच.

माझं घर श्रीवर्धनजवळ एका खेड्यात. पतसंस्थेत हिशेब लिहिण्यात नोकरीची सगळी वर्षं गेली. नोकरी सोडल्यावर एका संस्थेबरोबर फिरतो आणि शेतकऱ्यांच्या तरुण मुलामुलींना पैशाचं नियोजन शिकवतो. शेतीचा भाग, म्हणजे जमीन न थकवता, कमी पाण्यात पीक कसं घ्यायचं ते, त्या त्या गावातलं कुणीतरी शिकवतं. कुंभार पिंपळगावात ते प्रज्ञा खरात शिकवते. तिशीच्या आतली, कृषी पदविका घेतलेली, बोलायला मोजकी. बाग तिच्या घरची.

परतूर

गाडी परतूरला पोचली तेव्हा नुकतं कोवळं ऊन पडलं होतं. स्टेशनाबाहेर कापसाच्या गाड्या उभ्या, हवेत पिंजलेला कापूस, माझ्या स्वेटरवर तो येऊन बसला. आमच्याकडे जानेवारी म्हणजे दमट सकाळ. इथं थंडी कोरडी, ओठ फुटवणारी. चहा मात्र दोन्हीकडे सारखाच गोड.

पुढं जीप. ‘दाबून बसा, अजून तिघं येतेत,’ असं म्हणत ड्रायव्हरने माझ्या मांडीवर एक पाटी ठेवली, तिच्यात कोथिंबीर होती. शेजारच्या बाईंनी विचारलं, “कुठले म्हणायचे तुम्ही?”

“कोकणातला.”

“मंग समुद्र सोडून इकडं काय करून राह्यले?”

“पोरांना पैसे कसे वापरायचे ते शिकवतो.”

“आधी पैसे द्या की. वापरायचं आमचं आम्ही शिकतो.”

सगळी जीप हसली. मीही हसलो. त्याच वेळी पायाशी काहीतरी ओलं लागलं. घरून भेट म्हणून आणलेल्या नारळांपैकी एक धक्क्याने फुटला होता, आणि त्याचं पाणी माझ्या वर्गाच्या तक्त्यांवरून शांतपणे वाहत होतं. पाणी माझा पिच्छा सोडत नव्हतं, हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

दोन्ही बाजूंना काळी माती, मधूनच हरभऱ्याचा हिरवा तुकडा, वेचून झालेल्या कापसाच्या काटक्या. आणि मग मोसंबीच्या बागा सुरू झाल्या. सगळ्या बागांची पानं पन्हाळीसारखी वळलेली, काही पिवळी, खाली गळालेली. नव्या माणसाला वाटेल, दुष्काळ पडला. गेल्या वेळी मला तेच वाटलं होतं.

मोसंबीचं इथं असं आहे. झाडाला सतत पाणी मिळत राहिलं तर ते पालाच वाढवतं, फुलत नाही. म्हणून पावसाळा सरल्यावर पाणी तोडतात. त्याला बाग ताणावर सोडणं म्हणतात. झाड सुकतं, पानं गाळतं, आतल्या आत साठवून धरतं. मग जानेवारीत हलकं पाणी देऊन ताण तोडला, की सगळी बाग एकदम कळीवर येते. मधे कुणी दयेनं पाणी पाजलं तर कळीऐवजी नुसती पालवी फुटते आणि वर्षाचं पीक जातं.

आमच्याकडे याच्या उलट. पोफळीच्या वाडीत रोज शिंपणं. माझे वडील म्हणत, झाडाने मान टाकायच्या आत पाणी पोचलं पाहिजे, नाहीतर ते शाप देतं. त्या संस्कारात वाढलेला मी, डिसेंबरच्या त्या सकाळी फिरायला निघालो. प्रज्ञा गव्हाला पाणी लावून घरी गेली होती, मोटार चालूच होती, आणि समोर ती तहानलेली झाडं. विहिरीकडच्या निम्म्या बागेचा ठिबकचा कॉक मी फिरवला. परतताना बंद केला. दुसऱ्या सकाळी पुन्हा. जितके दिवस तिथं होतो तितक्या सकाळी.

ताण म्हणजे काय, हे प्रज्ञाने वर्गात शिकवलं ते शेवटच्या दिवशी. मी मागच्या बाकावर बसून ऐकलं. बॅग भरली आणि निघालो.

वर्ग

शाळेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये वर्ग. पंचवीसेक मुलंमुली, निम्मी घरी शेती करणारी, निम्मी शेती करावी की पुण्याला जावं या विचारात. ओले तक्ते मी दोरीवर वाळत घातले आणि तोंडीच सुरुवात केली. पैसा आपल्याकडे हंगामाला एकदम येतो, पोट मात्र रोज लागतं. तर माल विकला की स्वतःला महिन्याचा पगार लावून घ्या, बाकीचं बाजूला ठेवा, असं मी सांगत होतो.

गणेश नावाचा एक उंच मुलगा होता. वर्गाचा आवाज तोच. “सर, पगार लावला तर सुट्टी पण लावू का? बापाला म्हणतो, आज रविवार हाय, म्हशी तुम्ही बघा.”

“आणि पैशाचं काय होतं आता, ते सांग.”

“आता असं होतं. सोयाबीन विकलं की पैसा घरी येतो अन मोबाइलच्या दुकानात जातो. आपण मधी नुसते टमटम. माल इकडून तिकडं पोचवायचा.”

हशा ओसरल्यावर मी म्हटलं, “हातात असताना न सोडणं, हेच अवघड असतं. भल्याभल्यांना जमत नाही.”

“आमच्याकडं तेच्यालाच ताण म्हणतेत सर,” गणेश म्हणाला. “पानं सुकली तरी कॉकला हात लावायचा न्हाई. न्हाईतर मंग खरातांच्या बागेसारखं. नुसता पाला.”

पुन्हा हशा. आणि तो अचानक तुटला, कारण प्रज्ञा दारात उभी होती. हातात शेणकाल्याची, शेण-गोमूत्र कालवलेल्या खताची बादली, पुढच्या तासासाठी.

“बराबर बोलला गणेश,” ती म्हणाली. “आता ये अन ही बादली उचल. हात भरल्यावर तोंड जरा कमी चालतं.”

ती हसत होती. मी तक्ते वाळले का ते पाहायला बाहेर गेलो. ते वाळले नव्हते हे मला ठाऊक होतं.

दुपारी तिने मुलांना शेणकाला ढवळायला शिकवलं, बांधावर कोणती झाडं लावावीत ते सांगितलं. आच्छादनाबद्दल मात्र एक शब्द नाही. गेल्या वेळी हाच तिचा आवडता विषय होता: मळणीतून उरलेलं सोयाबीनचं भुसकट झाडाखाली पसरायचं, जमीन झाकायची, पाणी वाचतं. तिच्या बागेत तेच पसरलेलं होतं. माझ्या पाण्याची ओल त्याच्याखाली दडली, म्हणून कुणाला दिसली नाही. मी विचारलं, यंदा आच्छादन नाही का शिकवणार?

“कोण ऐकणार सर,” ती म्हणाली. “आमचंच आबांनी गोळा करून पेटवून दिलं.” आबा म्हणजे तिचे थोरले चुलते.

खरातांच्या घरी

उतरायची सोय खरातांकडेच होती. घरात प्रज्ञा, तिची आई आणि थोरले चुलते. त्यांना सगळे आबा म्हणतात. वडील परतूरला शाळेत शिक्षक, तिथंच खोली घेऊन राहतात, रविवारी येतात. मी “नमस्कार” म्हटलं, आबांनी “जय भीम, या” म्हणून पाण्याचा तांब्या पुढं केला. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण पाठ सरळ.

जेवायला ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ. ते आमटीत पडलं की असा खमंग दाट रस होतो की नारळाच्या वाटपावर वाढलेल्या माणसालाही घरची आठवण येत नाही. आमच्याकडे पाहुण्याला आग्रह करतात. इथं आग्रह नाही, भाकरी सरळ ताटात पडते. प्रज्ञाची आई म्हणाली, “तुम्ही न्हाई म्हणाल तवर ती गार होती.”

जेवता जेवता आबा म्हणाले, “बाजारच्या दिवशी आष्टीकडचा एक माणूस येणार हाय. बाग बटईनं देतो त्याला, निम्म्या वाट्यावर. मी थकलो आता.”

“प्रज्ञा आहे की,” मी म्हटलं.

आबांनी घास थांबवला. “व्हती. तिच्या हाती दिली व्हती. तुम्हाला तर माहीतच हाय काय झालं ते. तुम्हीच सांगितलं मला.”

हो, मीच सांगितलं होतं. गेल्या वेळी मी परत गेल्यावर महिन्याभरात आबांचा फोन आला. विहिरीकडची निम्मी बाग पाल्याने भरलीय, कळी नाही. ‘तुम्ही सकाळी फिरायला जात व्हते, कॉक फिरवतानी कुणी दिसलं का?’ मी म्हणालो, ‘प्रज्ञा असायची सकाळी मोटारीजवळ.’ खोटं नव्हतं त्यात काही. ती असायचीच, गव्हाच्या पाण्यासाठी. मी फक्त तिथं थांबलो. आबांनी त्याच दिवशी मोटारीच्या पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली करदोट्याला बांधली. ती मला आत्ता दिसत होती, सदऱ्याखालून.

प्रज्ञाने मला आमटी वाढली. “मिरची लागली का सर? घाम आलाय.”

बांधावर

दुसऱ्या सकाळी मी तिला म्हटलं, बाग दाखव. ती निघाली. बांधावरून जाताना ती तुरीच्या शेंगा तोडून देत होती आणि मी न खाता खिशात भरत होतो. विहिरीजवळ तो कॉक दिसला. निळा, उन्हाने फिकट झालेला. मी त्याच्यासमोर थांबलो आणि एका दमात सगळं सांगितलं. झाडं, वडील, सकाळचं फिरणं, वर्गातला शेवटचा बाक, फोन. भाषण आधी ठरवलं होतं, त्यातलं एक वाक्य आठवलं नाही.

तिने कॉकवर हात ठेवला. मग विचारलं, “पूर्ण फिरवला होता का अर्धा?”

“काय?”

“कॉक. पूर्ण उघडला होता का?”

“पूर्ण.”

“अन रोज?”

“रोज.”

ती मटकन बांधावर बसली. मला वाटलं रडेल. तिने माती हातात घेतली, चुरली, आणि हसली. “म्हणजे आच्छादनाचा दोष नव्हता.”

मी तिच्या शेजारी टेकलो.

“दोन वर्षं मी तेच शोधून राह्यले सर. भुसकट जास्त झालं का, जल्दी टाकलं का, रात्रीचं दव धरलं का त्यानं. शिकवायचं सोडून दिलं मी. म्हटलं, आपल्यालाच कळलेलं न्हाई तर पोरांना काय सांगायचं. पोरं मला हसतेत त्याचं काही न्हाई. पण त्यांनी आच्छादन टाकणं बंद केलं, त्याचं वाईट वाटायचं.” तिने माती खाली टाकली. “बिलकुल दोष नव्हता!”

मला मोकळं वाटलं, आणि ते वाटतंय याची लाजही वाटली. तेवढ्यात ती उभी राहिली. चेहरा बदलला होता.

“पाण्याचं मी समजू शकते. कोकणातलं माणूस. पण फोनवर काहून असं बोलले?”

“भ्यालो.”

“कुणाला?”

आबा काही मला मारणार नव्हते.

“आबांना सांगा,” ती म्हणाली. “तो आष्टीचा माणूस यायच्या आत. अन पप्पांनाही तुम्हीच सांगा. आबा रागावले, बोलले, मोकळे झाले. पप्पा काहीच बोलले न्हाईत. आधी दर रविवारी आले की चप्पल न काढता विचारायचे, ‘काय म्हणते बाग?’ त्या दिवसापासून एकदाही विचारलं न्हाई. मी सांगितलं तर स्वतःची सफाई दिल्यासारखं होईल. अन फोनवर नको. फोनवरच तर सगळं झालं.”

बाजारचा दिवस

कुंभार पिंपळगावचा बाजार मोठा. सकाळपासून शेळ्या, मिरच्या, प्लास्टिकच्या बादल्या आणि भोंग्यावरचं जाहिरातीचं गाणं. मी तिथून गरम भजी घेतली, हातात काहीतरी असावं म्हणून, आणि खरातांच्या ओसरीवर आलो. उशीर झाला होता. आष्टीचा माणूस येऊन बसला होता, पांढरे कपडे, चहाची बशी हातात. आबा खाटेवर. आता एकट्यात सांगता येणार नव्हतं.

“आबा, त्या वर्षी कॉक मी फिरवला होता.”

आबांनी माझ्याकडे पाहिलं. “कोणता कॉक?”

“विहिरीकडचा. बागेचा. रोज सकाळी. प्रज्ञाने नाही.”

“तुम्ही?” आबांना ते पटत नव्हतं. “तुम्ही काहून फिरवताल?”

“झाडं तहानलेली दिसली.”

मग आबांच्या छातीतून एक आवाज आला. मला वाटलं ठसका. पण ते हसत होते. “तहानलेली दिसली! आरं, तहानलेली ठेवली व्हती ना आम्ही!” ते आष्टीच्या माणसाकडे वळले. “ऐकलं का? तिकडं समुद्र हाय म्हणून पाण्याची मस्ती.” हसता हसता ते खोकले, प्रज्ञाची आई पाणी घेऊन आली. पाणी पिऊन झाल्यावर मात्र त्यांच्या तोंडावर हसू नव्हतं.

“अन मला फोनवर काय म्हणले तुम्ही?”

“ते माझं चुकलं. पाण्यापेक्षा ते जास्त चुकलं.”

“पोरीला लई बोललो मी,” आबा म्हणाले. माझ्याशी नाही, बशीकडे पाहून. “भावाला म्हणलो, पोरीला शेतातून काढ, परीक्षा दे म्हणावं कुठली तरी.”

प्रज्ञा दाराशी होती. आबांनी तिच्याकडे पाहिलं नाही, माफीबिफी काही मागितली नाही. सदरा वर केला, करदोट्याची गाठ सोडायला लागले. गाठ सुटेना. दोन वर्षं घामाने घट्ट झालेली. शेवटी प्रज्ञाच्या आईने भाजी चिरायची विळी आणली आणि दोरा तिच्या पात्यावर ओढून तोडला. आबांनी किल्ली भाकरीच्या टोपल्यावर ठेवली.

“बाग पोरगी बघती,” ते आष्टीच्या माणसाला म्हणाले. “तुम्ही चहा घ्या. भजी खा. पाहुण्यांनी आणलेत.”

तो माणूस भला होता. भजी खाल्ली, मला विचारलं, “तुमच्याकडं मोसंबी न्हाई का व्हत?” मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, “बरंय.”

ताण तोडला

शेवटच्या दिवशी वर्ग बागेतच भरला. त्याआधी मी मुलांना उभ्याउभ्या सांगितलं, खरातांच्या बागेचं काय झालं होतं ते. गणेश पुढं सरकला. मग म्हणाला, “म्हणजे सर, आम्हाला शिकवत व्हते पैसा सोडू नका, अन तुमच्याच्यानं पाणी धरवलं न्हाई.”

“हो.”

“मंग तुमचा पगार कोण कापणार?”

प्रज्ञाने त्याला भुसकटाचं पोतं उचलायला लावलं. त्या दिवशी तिने आच्छादनाचा तास घेतला, दोन वर्षांनी. झाडाच्या बुंध्यापासून किती लांब ठेवायचं, पाणी देऊन मग कसं पसरायचं, सगळं. गुडघ्यांवर बसून, हाताने करून दाखवत, आणि मोजकं बोलणारी ती बाई थांबेचना. आबा कडुलिंबाखाली बसून ऐकत होते. मधेच म्हणाले, “थोडं जाड टाक, तिथं ऊन जास्त येतं.” ती म्हणाली, “टाकते.”

मग ताण तोडायची वेळ आली. लाईट आली, मोटार धरली. मी नकळत दोन पावलं पुढं गेलो असेन.

“पाहुणे,” आबा ओरडले, “हात खिशात!”

मी हात खिशात घातले. तिथं अजून तुरीच्या शेंगा होत्या, वाळलेल्या. प्रज्ञाने कॉक थोडाच फिरवला, पहिलं पाणी हलकं असतं. नळ्यांच्या तोंडाशी थेंब आले. मुलं उगाच टाळ्या वाजवायला लागली. मी बांधावर उभा राहून शेंगा सोलून खाल्ल्या. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं, आणि भूकही लागली होती. शेजारच्या शेतात हुरडा भाजत होते. तिथं जाऊन मी इतका खाल्ला की प्रज्ञाच्या आईने दिलेले धपाटे तसेच बांधून घ्यावे लागले.

पुन्हा परतूर

परतीच्या गाडीला वेळ होता. प्रज्ञाने सांगितलेल्या खुणेवरून तिच्या वडिलांची खोली सापडली. दाराबाहेर तुळस, कोरडी. दाराला कुलूप. शेजारची म्हणाली, “गुरुजी ट्रेनिंगला गेलेत जालन्याला, उद्या येतेत.”

मी पायरीवर बसलो. कुलूप पाहून मला बरं वाटलं होतं, हेही आता सांगून टाकतो. आबांसमोर बोलून आलेला माणूस मी, तरी एका शिक्षकासमोर आज बसावं लागणार नाही म्हणून छाती सैल झाली. उद्यापर्यंत थांबता आलं असतं. परतूरला राहायची सोय आहे. मी थांबलो नाही. तुळशीला पाणी घालावं असं वाटलं, तेही घातलं नाही; विचारल्याशिवाय कुणाच्या झाडाला पाणी घालायचं नाही एवढं शिकलोय. धपाट्यांची पुरचुंडी घेऊन स्टेशनात गेलो आणि गाडीत बसलो.

फेब्रुवारीत प्रज्ञाने फोटो पाठवला. विहिरीकडची बाग पांढऱ्या कळीने भरलेली. खाली एवढंच लिहिलं होतं: ‘वास येत न्हाई फोटोत, पण आहे.’ पप्पांबद्दल तिने विचारलं नाही. ती विचारणारही नाही.

प्रज्ञाच्या वडिलांना मी अजून सांगितलेलं नाही. परतूरला उतरून, त्यांच्या समोर बसून, त्यांच्या मुलीने पाणी सोडलं नव्हतं हे सांगणं मी देणं लागतो.